धुऱ्यावरचा काळा दोरा

माझे सासरे खाकरण्यात मोठे वाकबगार होते. आमच्या सेलूकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि सुनेनं डोक्यावर पदर घेतल्याशिवाय मामाजींपुढे यायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. सुनेची फजिती होऊ नये म्हणून सासऱ्यानं आधी खाकरायचं, सुनेनं पदर ओढायचा आणि मग दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. बोलणं जवळपास नाहीच. बोलायचीच वेळ आली तर मामाजी बैलाकडे तोंड करून बोलत आणि मी ऐकून घेई. पण त्या खाकरण्यात तऱ्हा किती! वरणात मीठ बरोबर पडलं की एक, लेकरू रडत असलं की दुसरी, मी माहेरी निघाले की घसा बसल्यासारखी तिसरी. मला ते खाकरणं फार आवडायचं. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझ्यासाठी कधी घसा साफ केल्याचं मला आठवत नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. तेव्हापासून मामाजी शेतातच राहत. नाल्याच्या काठाला आमचं शेत, त्यात तुराट्यांच्या कुडाची आणि गवताच्या छपराची एक खोपडी. रानडुकरांपासून ज्वारीची राखण करायला म्हणून गेले ते तिथलेच झाले. रोज दुपारी मी शिदोरी घेऊन जायची. पांदणीचा रस्ता सोडून धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला लागले की तिकडून खाकरण्याचा आवाज येई. इतक्या लांबून आपण त्यांना दिसतो याचं मला कौतुक वाटायचं.

मग एका हिवाळ्यात ते खाकरणं उशिरा यायला लागलं. मला वाटलं, थंडीनं घसा धरला असेल. एक दिवस तुरीच्या शेंगा तोडताना माझं मनगट खरचटलं होतं, म्हणून बांगड्या वर सरकवून त्यांवर फडकं बांधलं होतं. ऊन चढलं होतं, पदर मी शिदोरीवर झाकला होता. मामाजी खोपडीपुढे बसले होते. तोंड माझ्याकडे, डोळे उघडे. खाकरले नाहीत. मी बोडक्या डोक्यानं जवळ, आणखी जवळ गेले. अगदी समोर जाऊन उभी राहिले, तरी काही नाही. जर्मनचा डबा खाली ठेवला, तो वाजला, तेव्हा ते दचकले आणि घाईघाईनं खाकरले.

मी पदर घेतला आणि मला तिथंच रडू आलं. भाकर वाढताना नाक ओढलं, तर सुनेला सर्दी झाली असं समजून मामाजींनी आणखी एकदा काळजीनं खाकरून घेतलं. त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे तो एकट्यानं सांभाळत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पांदणीतूनच बांगड्या वाजवत यायला लागले. फुटतील इतक्या. मामाजी पुन्हा वेळेवर खाकरू लागले आणि आमचा कारभार सुरळीत झाला. मी फक्त यांच्या कानावर घातलं. हे म्हणजे माझे मालक वर्ध्याला एका फोटो स्टुडिओत कामाला होते आणि शनिवारी संध्याकाळी घरी येत. हे मलाच हसले. "बाबाची नजर? अवो, आभाळातलं इमान माझ्याआधी बाबाले दिसते." विमान दिसण्याच्या आधी ऐकू येतं, हे काही यांच्या ध्यानात आलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. माझ्या हातात काकणं होती, तरी आमच्या घराला कॅमेरा लागला. तो कसा, ते सांगते.

त्याच सुमारास आमच्या गावातली बरीच घरं बौद्ध झाली होती आणि मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांनी सोडलं होतं. बरोबरच केलं. ज्याचं ढोर त्यानं ओढावं. पण आम्हा कास्तकारांना त्याची सवय कुठे होती? आमचा म्हातारा बैल मेला तेव्हा भासऱ्यांना, म्हणजे यांच्या थोरल्या भावाला, तो स्वतः बंडीला बांधून न्यावा लागला. लांब नेऊन पुरायचा, असं गावात ठरलेलं. भासऱ्यांचा दम आमच्या नाल्यापर्यंतच पुरला. बैल तिथंच लोटून ते धोतराचा सोगा नाकाला लावून घरी आले आणि आंघोळ करून परत आंघोळ केली.

पुढच्याच हप्त्यात मामाजी घरी दाढी करायला आले आणि खाटेवर बसता बसता म्हणाले, "नाल्यात पाहुनी येऊन राह्यली."

"कोन पाहुनी?" भासरे म्हणाले.

"तडस. मादी हाय. मागच्या डाव्या पायानं लंगडते."

भासरे हसले. मग न्हावी हसला, आणि न्हावी हसला म्हणजे दिवे लागायच्या आत गाव हसलं. तडस इथं कुठून? ते राहणार तिकडे बोरच्या जंगलात. म्हाताऱ्यानं कोल्हं पाहिलं असेल, नाहीतर तेही नसेल. पारावर गेलं की लोक विचारायचे, "काऊन बाप्पा, पाहुनीले चहापानी केलं का नाई?"

भासऱ्यांना हे लागलं. माणूस वाईट नव्हता. वडिलांवर फार जीव, पण जीव दाखवायची त्यांची एकच रीत होती, भांडायची. ते म्हणाले, "बाबा, तुमाले दिसत नाई. एकटं राहून राहून काईबाई भास होते. आता खोपडी सोडा अन् घरी या."

"मले सारं दिसते. घरी येऊन काय करू? खाटेवर बसून दरवाजाले पाहू?"

"त मंग तडस दाखवा. तडस निंगालं त तुमची नजर धड, खुशाल राहा शेतात. नाई निंगालं त संक्रांतीले घरी यायचं."

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, तसा तो मामला झाला. मामाजी "बरं" म्हणाले. मी दाराआड उभी होते. त्यांचा हात खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, घट्ट झालेला मला दिसला. ती खोपडी गेली असती तर त्यांच्या अंगातला जीवच गेला असता, इतकं मला कळत होतं.

हे मधे पडले. म्हणाले, तडस काही पारावर आणून बांधता येत नाही, पण त्याचा फोटो आणता येईल. स्टुडिओच्या मालकाकडे एक जुना डबा कॅमेरा पडून होता. तो आणि पत्र्याच्या वाटीतला फ्लॅश हे घेऊन आले. रॉकेलच्या रिकाम्या पिंपाला भोक पाडून त्यात कॅमेरा बसवला, पिंप खुंट्याला बांधलं आणि कॅमेऱ्याच्या खटक्याला दोरा बांधून तो पांदणीच्या वाटेवर आडवा ताणला. जनावर आलं की दोरा ओढला जाणार, दोरा ओढला की खटका पडणार, बल्ब पेटणार. तुटला तरी चालेल असा कच्चा दोरा हवा होता. पांढरा जनावराला दिसेल म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातलं काळं रीळ गेलं.

हे सोमवारी पहाटेच वर्ध्याला जायचे, म्हणून रोजचं काम माझ्याकडे आलं. शिदोरी देऊन झाली की जळलेला बल्ब काढायचा, नवा लावायचा, मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईतो चावी फिरवायची आणि दोरा परत ताणायचा. हे सगळं मी डोक्यावरचा पदर दातात धरून करायची. मामाजी दुरून बैलाला विचारायचे, "कावून गा, अडकली का पाहुनी?"

पाहुणी अडकली नाही. कॅमेऱ्यातलं पहिलं रीळ धुऊन आलं तेव्हा त्यात एक वासराचं नाक होतं, एक सशाचे कान होते, एक नुसताच अंधार होता. आणि एक गावातले मोठे प्रतिष्ठित गृहस्थ होते, उजव्या हातात टमरेल, डाव्या हातात धोतर, आणि तोंडावर असा भाव की कुणी सरकार उलथलं. हे हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी तो फोटो निगेटिव्हसकट ज्याचा त्याला नेऊन दिला, आणि त्या गृहस्थांनी पुढे आयुष्यभर आम्हाला रामराम आधी केला.

त्या गृहस्थांमुळेच पुढचा घोळ झाला. त्यांच्यावर भल्या पहाटे वीज पडली आणि पायात काळा दोरा अडकला, इतकंच त्यांनी गावाला सांगितलं, हातातल्या टमरेलाचं काही सांगितलं नाही. त्यात यांनी दोरा बांधला तो शनिवारी, आणि त्या शनिवारी अमावस्या. शनिवारची अमावस्या, शेताची वाट आणि आडवा काळा दोरा म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? करणी! रविवारी दोऱ्याखाली एक लिंबू होतं. पुढे लिंबाशेजारी कुंकू आलं, कुंकवाशेजारी बिब्बा आला. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया ती पांदण सोडून नाल्याचा वळसा घालून जाऊ लागल्या. ढोरं चारणारे तिकडे फिरकेनात. मी बायांना सांगून पाहिलं, "अवो, फोटूचा दोरा हाय तो." तर एक म्हातारी डोळे मोठे करून म्हणाली, "फोटूचा? म्हंजे मानसाले फोटूत बांधून नेते का काय?" आणि तिनं नारळ आणून ठेवला. तो नारळ आम्ही खाल्ला, खोटं कशाला सांगू.

हे वैतागले. लिंबा-नारळाच्या वासानं आणि माणसांच्या वर्दळीनं जनावर येणार नाही, असं म्हणून एका रविवारी यांनी पिंप उचललं आणि आमच्या धुऱ्यावर, नाल्याच्या तोंडाशी नेऊन रोवलं. बाभळीपासून पळसापर्यंत दोरा ताणला. मामाजींना हाक मारून बोट दाखवलं. "बाबा, तो पाहा दोरा. तिकडून जाऊ नोका. दिसते ना?"

"दिसते ना. आंधळा हो का मी?"

मामाजी भलत्याच झाडाकडे पाहत होते. मी यांना कोपर मारलं. हे म्हणाले, "दिसते म्हनते ना ते." दोरा कच्चा होता, त्यात अडकून कुणी पडणार नव्हतं, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. गावानं मात्र तो दोरा नव्या जागीही लगेच हेरला. धुऱ्यावर लिंबू आलंच.

मग एका दुपारी शिदोरी घेऊन गेले तर मामाजी बैलाला सांगत होते, "आज भल्या पहाटे इज चमकली गा. एकदाच. हिवाळ्याची इज कायची?" मी धुऱ्याकडे पाहिलं. बल्ब जळून काळा झाला होता. दोरा तुटला होता. एक टोक पळसाला लोंबत होतं आणि दुसरं मामाजींच्या काठीला, खालच्या बाजूला, चार वेढे घेऊन बसलं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. मी डबा ठेवला, वाकून काठीचा दोरा सोडवला आणि मुठीत घेतला. ते खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही.

सोमवारी हे कॅमेऱ्यातलं रीळ धुवायला घेऊन गेले. पुढच्या शनिवारी आले ते नेहमीसारखे सायकलची घंटी वाजवत आले नाहीत. चुलीजवळ येऊन बसले आणि खिशातून फोटो काढून माझ्या हातात दिला.

फोटोत धुरा होता, पळस होता. मधोमध मामाजी होते, अंगावर घोंगडी, तोंड जरा वर आभाळाकडे उचललेलं. काठी पुढे, आणि डावा हात हवेत, पंजा पसरलेला, अंधारात भिंत चाचपावी तसा. उजाडू लागलं होतं तरी तो माणूस अंधारातच चालत होता. आणि त्यांच्या मागे, बैलाच्या लांबीवर, तडस उभं होतं. मानेवरचे केस ताठ, अंगावर पट्टे, तोंड थेट आमच्याकडे. मागचा डावा पाय वर उचललेला.

मागितलं होतं तडस, दिसला बाप.

"लंगडते, हे त्याईले दिसलं नोतं," मी म्हणाले. "ऐकू आलतं."

"तुयंच खरं होतं," हे म्हणाले, आणि बराच वेळ चुलीतली लाकडं उगीच मागेपुढे करत राहिले.

रविवारी सकाळी मामाजींना बोलावणं धाडलं. ते अंगणात खाटेवर बसले. जाऊबाई आणि मी दारात. हे फोटो द्यायला पुढे होईनात, तेव्हा भासऱ्यांनीच तो यांच्या हातातून ओढून घेतला. पाहिला. त्यांचं तोंड भांडायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"हाय का तडस?" मामाजींनी विचारलं.

"हाय."

"लंगडी हाय ना?"

"हाय, बाबा."

"आना इकडं."

त्यांनी फोटो घेतला, दोन्ही हातांनी डोळ्यांपुढे धरला आणि हसले. "पाहा. कशी उभी हाय. मी काय म्हनत होतो?"

फोटो उलटा धरला होता. मामाजी खाली डोकं वर पाय. भासऱ्यांनी तो सरळ करायला हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. आयुष्यभर बापाशी भांडलेला माणूस, पण तेवढं त्यांच्यानं झालं नाही. मामाजी हसायचे थांबले. फोटो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला आणि त्याच्या गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला.

मग ते म्हणाले, "सूनबाई, तू सांग. याच्यात काय काय हाय?"

बैल तिथं नव्हता. हे माझ्याशीच बोलले होते, पहिल्यांदा. भासऱ्यांपुढेही मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "सांग, बाई."

मी दाराबाहेर आले. "धुरा हाय. पळस हाय. मांगं तडस हाय, एक पाय उचलला हाय."

"अन् पुढं?"

"पुढं तुमी हा."

"मी काय करून राह्यलो?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी मला विचारलं होतं ते खोटं ऐकायला नव्हे. मी म्हणाले, "तुमचा हात पुढं हाय. हवेत. अन् काठीत दोरा अडकला हाय."

मामाजींनी फोटोवरचा अंगठा उचलला. मग म्हणाले, "म्हंजे ते इज हे होती." आणि त्यांना खरंच हसू आलं. "साऱ्या गावाले दोरा दिसला. सारे भिऊन वळसा घालून गेले. मलेच दिसला नाई."

भासरे खाटेजवळ खालीच बसले. म्हणाले, "बाबा, बोललो ते बोललो. तडस निंगालं. तुमी जिंकले. राहा शेतात. मी येत जाईन संग झोपाले."

"जिंकलो त जिंकलोच. पन आता येतो घरी," मामाजी म्हणाले. "हरून आलो असतो त तोंड घेऊन कुठं बसलो असतो? जिंकून येतो, त कुठंबी बसन." मग तोंड माझ्या बाजूला वळवून, थेट नाही पण जवळपास, ते म्हणाले, "अन् सूनबाई, घरातबी बांगड्या वाजवत जाजो. धुऱ्यावरून येत होती तशी."

मी पदर डोळ्यांना लावला. काठीपाशी वाकले होते तेव्हाचं त्यांचं खाकरणं मला आता कळलं. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. भासरे त्या डॉक्टरशीही भांडून आले. नाल्यातल्या बैलाचं काही उरलं नाही, तेव्हा तडस पुन्हा आलं नाही. गावातले लोक मात्र पुढे कितीतरी दिवस धुऱ्यावरून जाताना पाय उंच उचलून जायचे. मामाजी घरी राहिले. मी बांगड्या वाजवायची, ते खाकरायचे, ते खाकरले की मी पदर घ्यायची. ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांच्यासाठी तो पदर कशाला, असं जाऊबाईंनी एकदा विचारलं. मी त्यांच्यावर अशी खेकसले की त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

ते गेले तेव्हा लक्षात आलं, त्यांचा दुसरा फोटोच नाही. स्टुडिओचा मालक म्हणाला, मागचं जनावर कापून नुसते बाबा मोठे करून देतो. भासरे म्हणाले, "कापू नोका. सोबतीनं आलती." म्हणून आमच्या बैठकीत मामाजी आणि तडस एकाच चौकटीत आहेत, आणि नवा माणूस आला की हार बघून हात जोडतो आणि मग दचकतो.

तेराव्याला फोटोला हार घालायचं मला सांगितलं. मी हात वर केले, बांगड्या वाजल्या, डोक्यावरचा पदर सावरला, आणि खाकरण्याची वाट पाहत तशीच उभी राहिले.